हळदीची कॅप्सूल घेण्याआधी: सांध्यांच्या सुजेसाठीची सप्लिमेंट कशी पारखावीत

गुडघे कुरकुरायला लागले की घरात हळदीच्या कॅप्सूलची एक डबी येतेच. "हळदच तर आहे, अपाय काय व्हायचाय?" असा त्यामागचा हिशेब असतो. तो हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. स्वयंपाकाच्या हळदीत करक्युमिन, म्हणजे तिचा पिवळा कार्यकारी घटक, साधारण ३ टक्के असतं. चहाचा एक सपाट चमचा हळद म्हणजे सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे त्यात करक्युमिन ९० मिलिग्रॅमच्या आसपास. डबीवर '९५ टक्के करक्युमिनॉइड्स, ५०० मिलिग्रॅम' असं छापलेलं असेल तर एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम झालं, म्हणजे पाच चमचे हळदीइतकं. सकाळ-संध्याकाळ एकेक घेतली की दहा चमचे. आमटीला आपण घालतो ती चिमूटभर.

खाद्यपदार्थांत रंग म्हणून वापरल्या जाणाऱ्या करक्युमिनसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला ती १८० मिलिग्रॅम होते. ती ओलांडली की लगेच काही बिघडतं असं नाही, पण आपण स्वयंपाकघरातून निघून औषधाच्या मात्रेत शिरलो आहोत, हे त्यावरून कळतं. म्हणून या डबीला औषधाचीच शिस्त लावायची: कशासाठी घेतोय, किती घेतोय, सोबत काय चालू आहे आणि थांबायचं कधी.

आधी दुखणं कोणतं ते ठरू द्या

सांधा दुखतो म्हणजे सूज आहेच असं नसतं, आणि सूज असली तरी ती एकाच प्रकारची नसते. पन्नाशीनंतर गुडघा झिजतो तेव्हा जिने उतरताना दुखतं, बसून उठल्यावर जखडल्यासारखं वाटतं आणि थोडं चाललं की मोकळं होतं. आमवातात सकाळी उठल्यावर बोटांचे, मनगटांचे सांधे अर्धा-एक तास किंवा जास्त आखडलेले राहतात, दोन्ही हातांना सारखाच त्रास होतो आणि सांधे हाताला मऊ-फुगीर लागतात. गाऊटमध्ये बहुतेकदा पायाचा अंगठा एका रात्रीत लाल होतो, चादर टेकलेलीही सहन होत नाही.

हा फरक आधी समजून घ्यायला हवा, कारण आमवातात सुरुवातीचे काही महिने फार मोलाचे असतात. त्या काळात मेथोट्रेक्झेटसारखी औषधं सुरू झाली तर सांध्यांची हाडं खराब होणं बऱ्याच अंशी रोखता येतं. तेच महिने हळदीवर किंवा शल्लकीवर (सालईच्या डिंकावर) गेले तर वाकडी झालेली बोटं नंतर सरळ होत नाहीत. सहा आठवड्यांहून जास्त दिवस सकाळची जखडण असेल तर आधी संधिवाततज्ज्ञ गाठा. एकच सांधा अचानक गरम, लाल, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, कॅप्सूलचा विचारसुद्धा करायचा नाही.

सीआरपीचा, म्हणजे शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट हातात असेल तर आकड्याआधी एकक वाचा. काही लॅब मिलिग्रॅम प्रतिलिटर लिहितात, काही मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर, ०.६ आणि ६ हे एकाच रक्ताचे आकडे असू शकतात. मागच्या वेळी ६ होतं, आता ०.६ आलं, म्हणजे कॅप्सूल लागू पडली, असा समज अशानेच होतो. सर्दी-खोकला, दातातला पू, लघवीचा संसर्ग यांनीही सीआरपी चढतं. आणि झिजेच्या गुडघ्यात ते बहुतेकदा सामान्यच असतं, तेव्हा तिथे औषधाचा गुण मोजायला ते कामाचं नाही.

डबी उलटी करून वाचा

पुढच्या बाजूला जाहिरात असते, माहिती मागे असते. पहिली गोष्ट परवान्याची. भारतात असा माल दोन वाटांनी विकला जातो. एक अन्न म्हणून: त्यावर एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक, 'हेल्थ सप्लिमेंट' किंवा 'न्यूट्रास्युटिकल' असा उल्लेख आणि औषधी वापरासाठी नाही अशी सूचना असते. दुसरी आयुर्वेदिक औषध म्हणून: त्यावर 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी असते. दोन्हींपैकी काहीच नसेल तर ती डबी दुकानातच ठेवा. १४ अंकी क्रमांक एफएसएसएआयच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून बघता येतो. परवाना चालू आहे का, कंपनीचं नाव डबीवरच्या नावाशी जुळतं का आणि परवाना याच प्रकारच्या मालाचा आहे का, हे तिथे दिसतं. मसाल्याच्या परवान्यावर कॅप्सूल विकली जात असेल तर तीही नको. परवाना खरा निघाला म्हणजे माल चांगलाच असतो असं मात्र नाही. कारखान्याची नोंद आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मग मात्रा. 'हळद अर्क ५०० मिलिग्रॅम' एवढंच लिहिलं असेल तर करक्युमिन किती हे कळत नाही, टक्केवारी हवीच. '५००० मिलिग्रॅम हळदीइतकं' ही भाषा आकडा मोठा दिसावा म्हणून वापरलेली असते. 'प्रोप्रायटरी ब्लेंड ८०० मिलिग्रॅम' आणि खाली नऊ वनस्पतींची नावं, असं असेल तर कोणती किती हे तुम्हालाही कळणार नाही आणि उद्या काही झालं तर डॉक्टरांनाही नाही. असं मिश्रण घेऊ नये, हे आमचं ठाम मत आहे. 'सर्व्हिंग साइझ' हा शब्दही शोधा: तक्त्यातले आकडे बऱ्याचदा दोन कॅप्सूलचे असतात.

दाव्यांची भाषाही तपासा. 'संधिवात मुळापासून बरा', 'गादी पुन्हा तयार होते', 'ऑपरेशन टळेल' असले दावे जिथे दिसतील तिथून मागे फिरा. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या परिशिष्टात ऱ्हुमॅटिझम आहे. तो बरा करतो अशी जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. करक्युमिनने झिजेच्या गुडघ्याच्या वेदना काही जणांमध्ये कमी होतात, याला आधार आहे. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क चार आठवड्यांच्या शेवटी आयबुप्रोफेनच्या १२०० मिलिग्रॅमच्या जवळपास ठरला, पोटाचा त्रासही कमी झाला. पण चार आठवडे म्हणजे चारच आठवडे. वर्षानुवर्षं घेतल्याने काय होतं, हे अशा चाचण्या सांगत नाहीत. कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, भरून येते याला तर आधारच नाही.

आयुर्वेदिक गोळ्या घेताना नावातला एक शब्दही जपून वाचा. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ शेजारी शेजारी ठेवलेले असतात. दुसऱ्यात भस्मं असतात, त्यांत नागभस्म म्हणजे शिसं आणि रससिंदूर म्हणजे पाऱ्याचा योग. ही गोळी वैद्यांनी तपासून, ठरावीक दिवसांसाठीच घ्यायची असते. दुकानात मागून, वर्षभर, स्वतःच्या मनाने घेण्याची ती गोष्टच नाही. निव्वळ वनस्पतींच्या औषधांत शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) आत असायला हवं. कंपनीला डबीवरचा बॅच क्रमांक पाठवून त्याच बॅचचा तपासणी अहवाल मागा. हळदीच्या बाबतीत शिशाकडे जास्त लक्ष द्यायचं, कारण हळकुंडांना पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट चोळण्याचे प्रकार बांगलादेशात आणि पाटण्यासारख्या बाजारांत सापडले आहेत. अहवालात तुमच्या बॅचचा क्रमांक नसेल, तर तो कागद बिनकामाचा.

चालू गोळ्या शेजारी मांडा

घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर काढा आणि त्यांच्या शेजारी नवी डबी ठेवा. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि या सगळ्या खटाटोपात सर्वांत महत्त्वाचंही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधी शोधा: वॉरफेरिन, असिनोकोमेरॉल, अपिक्सबॅन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये एक नोंद जाहीर केली. वॉरफेरिनवर व्यवस्थित चाललेल्या एका रुग्णाने हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, १० च्या वर गेला. एवढ्या आकड्याला आपोआप रक्तस्राव होऊ शकतो. वॉरफेरिन किंवा असिनोकोमेरॉल चालू असेल तर ही कॅप्सूल नकोच. ग्लुकोसामाइनही आयएनआर वाढवू शकतं.

मिरीचा अर्क म्हणजे पायपरिन कॅप्सूलमध्ये का घालतात, तेही समजून घ्या. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या अभ्यासात २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर करक्युमिनचं शोषण सुमारे वीसपट झालं. आतडं आणि यकृत जी यंत्रणा वापरून बाहेरचे पदार्थ मोडतात, ती पायपरिन मंदावतं. पण हीच यंत्रणा तुमची औषधंही मोडते. फिटची फेनिटॉइन, दम्याची थिओफिलिन, बीपीची प्रोप्रॅनोलॉल यांची रक्तातली पातळी त्यामुळे चढू शकते. फिटची गोळी घेणाऱ्याने पायपरिन असलेली डबी टाळावी. मूत्रपिंड बदललेल्यांच्या टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाबाबत तर प्रयोग करायचाच नाही.

मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर शुगर खाली येण्याची शक्यता धरून पहिले दोन आठवडे घरी मोजत राहा. थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने अश्वगंधा आणि गुग्गुळ असलेली मिश्रणं बाजूला ठेवावीत, दोन्हींचा थायरॉइडवर परिणाम होतो. पित्ताशयात खडे असतील तर करक्युमिनने पित्ताशय आकसतं आणि कळ उठू शकते. हळदीत ऑक्झलेट बरंच असतं, म्हणून मुतखड्याच्या माणसाने मोठ्या मात्रेपासून दूर राहावं. लोह कमी असलेल्यांनीही जपावं, करक्युमिन लोहाला धरून ठेवतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना जेवणातली हळद पुरे. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी सगळी सप्लिमेंट बंद करा आणि भूलतज्ज्ञांना त्यांची नावं सांगा. ते गोळ्यांबद्दल विचारतात तेव्हा लोक या डब्या मोजतच नाहीत.

यकृताकडे लक्ष

इटलीत २०१९ मध्ये करक्युमिनची सप्लिमेंट घेतलेल्यांना कावीळ झाल्याच्या नोंदी एकापाठोपाठ आल्या. माल तपासला, भेसळ हे कारण पुरेसं ठरलं नाही आणि काही माणसांची प्रकृतीच याला बळी पडते असा संशय बळावला. पुढे अमेरिकेत अशा दहा रुग्णांचा अभ्यास झाला तेव्हा सात जणांमध्ये एचएलए-बी ३५:०१ हा एकच जनुकप्रकार सापडला. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनीही २०२३ मध्ये इशारा काढला. असं क्वचितच होतं, पण कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, आणि जास्त शोषलं जाणारं उत्पादन असेल तर धोका अधिक मानला जातो.

मिश्रणांत गुळवेल असेल तर आणखी सावध राहा. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असं म्हटलं. वाद काहीही असो, घेणाऱ्याच्या दृष्टीने निष्कर्ष एकच निघतो: वेल नेमकी कोणती, याची खात्री डबीवरून होत नाही. ग्रीन टीच्या अर्काबाबत युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये रोज ८०० मिलिग्रॅम ईजीसीजी (त्यातला मुख्य घटक) ही धोक्याची पातळी सांगितली. वजन आणि सूज दोन्ही कमी करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये हा अर्क असतो.

सुरू करण्याआधी यकृतासाठी एसजीपीटी आणि बिलिरुबिन, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन या रक्ततपासण्या करून घ्या. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. सहा आठवड्यांनी एसजीपीटी पुन्हा करा, कारण हा अपाय बहुतेकदा पहिल्या एक ते चार महिन्यांत दिसतो. भूक मेली, विनाकारण थकवा आला, अंगाला खाज सुटली, लघवी चहासारखी गडद झाली, तर डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नका. कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून तपासणी करा. वेळेवर थांबलं तर बहुतेकांचं यकृत सावरतं. मेथोट्रेक्झेट किंवा टीबीची औषधं चालू असतील, रोज दारू असेल किंवा आधीच फॅटी लिव्हर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

दोन दिवसांत गुण आला तर

वनस्पतीचा गुण हळूहळू येतो, आठवडे लागतात. खुर्चीवरून उठता न येणारी व्यक्ती तिसऱ्या दिवशी जिना चढू लागली तर आनंदाआधी शंका यायला हवी. अशा पुड्यांत किंवा कॅप्सूलमध्ये स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेलं असू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये 'आर्त्री किंग' या सांधेदुखीच्या सप्लिमेंटमध्ये डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक सापडल्याचा इशारा दिला होता. लेबलवर दोन्हींचा उल्लेख नव्हता. आपल्याकडे आठवडी बाजारात, कुरिअरने किंवा ओळखीतून येणाऱ्या बिनलेबलच्या काळ्या गोळ्या आणि पुड्या याच संशयाच्या आहेत.

खुणा ओळखता येतात. भूक अचानक वाढते, चेहरा गोल आणि सुजरा दिसू लागतो, झोप उडते, तीच पथ्यं पाळूनही शुगर आणि बीपी चढतं, जरा लागलं की काळंनिळं होतं, काळी शी होते. घरच्या घरी स्टेरॉइड ओळखायची कोणतीही युक्ती नाही; पाण्यात विरघळवून किंवा जाळून काही कळत नाही.

इथे एक चूक जिवावर बेतू शकते. अशी पुडी तीन आठवड्यांहून जास्त घेतली असेल आणि भीतीने एकदम बंद केली, तर बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे झोपी गेलेल्या, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. मग गळून जाणं, उलट्या, चक्कर, बीपी कोसळणं असं होतं. यकृताच्या त्रासात लगेच थांबायचं, पण इथे मात्र पुडी हातात घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. ते सकाळचं कॉर्टिसोल (या ग्रंथींचं संप्रेरक) तपासतील आणि गरजेप्रमाणे मोजलेल्या मात्रेचं स्टेरॉइड देऊन हळूहळू उतरवतील. उलट्या किंवा चक्कर सुरू झालेली असेल तर थेट तातडीच्या विभागात जा आणि "बहुतेक स्टेरॉइड असलेली पुडी घेत होतो" हे पहिलं वाक्य म्हणून सांगा.

माशाचं तेल, शल्लकी, ग्लुकोसामाइन

माशाच्या तेलाच्या १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचं ओमेगा-३ फक्त ३०० मिलिग्रॅम असतं. आमवातावरच्या अभ्यासांत ते रोज ३ ग्रॅमच्या आसपास दिलं गेलं. तेवढं मिळवायला अशा दहा कॅप्सूल लागतील; एक कॅप्सूल सुजेसाठी घेणं म्हणजे पैसे वाया. मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, म्हणून हृदयरोग्याने विचारूनच घ्यावं. कॅप्सूल फोडून वास घ्या: ताज्या बांगड्यासारखा हलका वास चालेल, खवट, ऑइलपेंटसारखा आला तर बाटली टाकून द्या.

शल्लकी म्हणजे सालई गुग्गुळ, विदर्भाच्या आणि सातपुड्याच्या जंगलातल्या सालईचा डिंक. हा आणि नेहमीचा गुग्गुळ वेगळे. लेबलवर बोसवेलिक ॲसिडची किंवा एकेबीएची (डिंकातल्या कार्यकारी घटकांची) टक्केवारी लिहिलेली असेल तरच घ्या. ग्लुकोसामाइनबद्दल अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेसाठी ते वापरू नये अशी ठाम शिफारस केली. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी तर टाळावंच. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते. ती रोज घेतल्याने कॅल्शियम चढून मूत्रपिंडं खराब होतात.

आठ आठवड्यांची चाचणी

एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. सुरू करण्याआधी दोन आठवडे वहीत रोज चार आकडे लिहा: वेदना ० ते १० पैकी किती, सकाळची जखडण किती मिनिटं, वेदनाशामक गोळ्या किती घेतल्या, न थांबता किती चाललो. मग कॅप्सूल जेवणानंतर, तूप-तेल पोटात गेलेलं असताना घ्या. उपाशीपोटी घेतली तर कमी शोषली जाते आणि जळजळ होते. पहिला आठवडा अर्ध्या मात्रेवर काढा. याच काळात नवा व्यायाम, नवं गादीचं बूट किंवा फिजिओथेरपी सुरू करू नका, नाहीतर श्रेय कुणाला द्यायचं ते कळणार नाही.

आठ आठवड्यांनी वेदनेचा आकडा निदान दोनने उतरला नसेल तर बंद करा. उतरला असेल तरीही दोन आठवडे बंद करून बघा. थंडी सरली, वजन उतरलं किंवा दुखणं आपोआप निवळलं, तरी गुण कॅप्सूलच्या नावावर जमा होतो. बंद केल्यावर वेदना परत आली आणि सुरू केल्यावर पुन्हा गेली, तर ती तुम्हाला लागू पडते असं म्हणता येईल. मग तीन महिन्यांतून एकदा एसजीपीटी आणि डॉक्टरांच्या फाइलमध्ये तिची नोंद, एवढं सांभाळा.

काही अपाय झाला तर डबी फेकू नका. उरलेल्या कॅप्सूल, बॅच क्रमांक दिसेल असा लेबलचा फोटो, बिल, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख आणि आधी-नंतरचे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर होते. भेसळीचा किंवा खोट्या दाव्याचा संशय असेल तर महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. तिथे बंद, न उघडलेली दुसरी डबी त्याच बॅचची मिळाली तर तीही द्या, कारण उघड्या डबीत नंतर काही मिसळलं असेल असा बचाव कंपनी घेऊ शकते.